तंबोऱ्यात न लावलेला गंधार

तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार खरा आहे. तो भास नाही आणि फक्त साधकालाच ऐकू येणारी गूढ गोष्टही नाही.

तुमचे प्रश्न तीन आहेत. तंबोऱ्याच्या चार तारा पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) अशा लावलेल्या असतात, मग गुरुजी ‘आता गंधार बोलतोय’ म्हणतात तो कुठून येतो, की तो भासच आहे? तो कधी ऐकू येतो आणि कधी नाही, असं का? आणि मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर भागेल, की वाद्य घ्यावं? मी भौतिकशास्त्र शिकलो आणि पुढे आयुष्य वाद्यदुरुस्तीत, त्यातही मुख्यतः जवारीच्या, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पाट घासून नाद उघडण्याच्या, कामात गेलं. त्यामुळे या प्रश्नांवर जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी तारेचं बघू. छेडलेली तार एकाच तऱ्हेने हलत नाही. अख्खी तार एका लांबीत हलते, त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही हलत असते. दोन भागांतली हालचाल दुप्पट वेगाची, तीन भागांतली तिप्पट, असं वर चढत जातं. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत यांना सहायक नाद म्हणतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा घ्या. जोडीच्या म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा १३८.६ हर्ट्‌झवर, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३ वर (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपनं). त्या एकट्या खर्जातून १३८.६ चा षड्ज निघतो, २०७.९ चा पंचम, २७७.२ चा तार षड्ज आणि पाचव्या पायरीवर ३४६.५. हा तार सप्तकातला शुद्ध गंधार. गुरुजी म्हणतात तो हाच.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, पाच मिनिटांत तपासून बघता येतं. मेरूपासून (खुंट्यांकडची पट्टी, जिच्यावर तार टेकते) घोडीपर्यंत खर्जाची लांबी मोजा आणि पाचने भागा. लांबी मीटरभर असेल तर घोडीपासून वीस सेंटिमीटरवर बोट ठेवा. तार दाबायची नाही, जेमतेम टेकायचं. घोडीच्या जवळ तार छेडा आणि बोट लगेच उचला. स्वच्छ गंधार वाजेल. बोटामुळे तो निर्माण झालेला नसतो. त्या जागी पाचव्या सहायक नादाला हालचालच नसते, म्हणून बोट त्याला अडवत नाही; बाकीचे बहुतेक नाद मात्र अडतात आणि तो एकटा उरतो. आता हा स्वर कानात धरून तीच तार बोट न लावता नेहमीसारखी छेडा. तो तिथेच असतो, आणि एकदा ओळख पटली की सुटत नाही. गंधार ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी हेच करायला लावतो.

आता खरा प्रश्न. पाचवा सहायक नाद गिटारच्या तारेतही असतो, मग तंबोऱ्यातच तो एवढा का बोलतो? छेडलेल्या साध्या तारेचे दोन नियम आहेत. पहिला थॉमस यंगचा, साधारण १८०० सालचा: ज्या जागी तार छेडाल, त्या जागी ज्या सहायक नादाला हालचाल नसते तो नाद उमटतच नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सगळे गायब. दुसरा नियम असा, की वरचे नाद झपाट्याने लहान होत जातात. मध्यावर छेडलेल्या तारेत पाचव्या नादाची हालचाल मूळ हालचालीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढीच असते.

तंबोरा आपण तारेच्या साधारण मध्याच्या आसपासच छेडतो. म्हणजे नियमाप्रमाणे खर्जातून वरचे षड्ज जवळजवळ यायलाच नकोत. ते तर भरभरून येतात. हे नीट तपासलं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, कोलकात्यात, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये. प्रकाशाच्या विकिरणासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधीची त्यांची कितीतरी वर्षं वाद्यांच्या नादावर गेली होती. १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला आणि दाखवून दिलं की या वाद्यांच्या तारा यंगचा नियम पाळत नाहीत. ज्या जागी छेडल्यावर एखादा नाद नाहीसा व्हायला हवा, तिथे छेडूनही तो जोरकस ऐकू येतो. कारण त्यांनी शोधलं ते घोडीत.

तंबोऱ्याची घोडी म्हणजे रुंद पाट आहे, आणि तो पाट सपाट नाही, अगदी किंचित उतरता आणि गोलसर आहे. तार त्यावर एका कडेवर टेकत नाही, ती पाटावर निजलेली असते. तार खाली येते तेव्हा पाटाला जास्त लांबीवर चिकटते, वर जाते तेव्हा सुटते. तारेची बोलती लांबी दर कंपात क्षणाक्षणाला बदलत राहते. या चिकटण्यासुटण्यात तारेवर एक बारीक, तीक्ष्ण मोड तयार होतो आणि तो घोडी ते मेरू असा धावत राहतो. अशा तीक्ष्ण मोडात वरचे सगळे नाद ठासून भरलेले असतात. थोडक्यात, बोटाने दिलेली जाडीभरडी शक्ती घोडी थोडी थोडी करून वरच्या नादांकडे वळवत राहते. म्हणून तंबोऱ्याचा नाद छेडताक्षणी पुरा नसतो. आधी तारेचा गोल आवाज येतो, क्षणभराने तो उघडतो, वरचे नाद झळकतात आणि मग कित्येक सेकंद ते वरून खाली ओघळत येतात. गंधार या ओघळण्यात मधेच केव्हातरी ठळक होतो. घाईघाईने तारा छेडणाऱ्याला तो मिळत नाही, कारण नाद उघडायच्या आतच पुढची तार छेडली गेलेली असते.

ऐकणाऱ्या कानाचाही यात वाटा आहे. ६९ हर्ट्‌झसारख्या खोल स्वराला आपला कान बराच कमी संवेदनशील असतो, साडेतीनशेच्या आसपास पुष्कळ जास्त. शिवाय तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) यांतून खर्जाचा मूळ कंप हवेत फार जोराने जातच नाही. त्यामुळे मोजणीत लहान असलेला गंधार कानाला लहान वाटत नाही.

तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवतात ते सूत ही यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. साधा सुती दोरा. पण तो तारेला पाटावरून इतकंच उचलतो की तार पाटाला घासून जाईल, पण अडकणार नाही. दोरा केसभर पुढे-मागे केला की कोणते सहायक नाद पुढे येणार हे बदलतं. काढून टाका, आवाज बसतो. फार पुढे न्या, तार चिरकते. रामनांचा प्रयोग घरी करायचा तर याच दोऱ्याने करा. खर्ज त्या पाचव्या हिश्श्याच्या जागीच छेडा, आधी दोरा काढून आणि मग लावून. दोऱ्याविना गंधार जवळजवळ लोपतो, दोरा नेमक्या जागी आला की त्याच छेडण्यातून तो उभा राहतो.

मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथे वाद्यं बनवायला सुरुवात केली फरीदसाहेब शिकलगार यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, चकाकी देणारे. त्या हातांना पृष्ठभागाची जी जाण होती ती घोडीच्या पाटावर उतरली, असं मला नेहमी वाटतं, कारण जवारी काढणं हे सगळं पृष्ठभागाचंच काम आहे. घोडी हाडाची असो, शिंगाची असो किंवा शिसवी लाकडाची, कानशीने आणि मग पॉलिश पेपरने ती घासायची, तार चढवायची, ऐकायचं, तार बाजूला करायची, पुन्हा घासायची. जो फरक करायचा असतो तो कागदाच्या जाडीहून कमी असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. चारही तारांचे पाट वेगळे काढावे लागतात. खर्जाची तार जाड आणि पितळी, तिचा झोका मोठा. जोडीच्या पोलादी तारा बारीक. एकाच उताराने चौघींचं भागत नाही. भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात आणि वाद्याचं अंग, त्यावरचं नक्षीकाम यांचं कौतुक भरपूर होतं, ते व्हायलाच हवं. पण वाद्याचा जीव दोन-तीन बोटं रुंदीच्या त्या पाटात आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहे. जवारी काढणारे नवे हात तयार झाले तर त्याचा खरा उपयोग.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. कधी ऐकू येतो, कधी नाही, याची कारणं बहुधा तीन. पहिलं, जवारी बसलेली असते. तारा घासून घासून पाटावर चरे पडतात, तार त्या चऱ्यात रुतते, मग चिकटणं-सुटणं होत नाही. दुसरं, पावसाळा. कोकणात आणि गोव्यात हे फार जाणवतं. लाकूड दमट होतं, तबली आणि दांडी किंचित हलतात, तारेचा घोडीवरचा कोन बदलतो आणि काल बोलणारा तंबोरा आज गप्प होतो. दर वेळी घोडी घासायची नसते, बऱ्याचदा सूत सरकवून भागतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आणि ते तुमच्या हातात आहे: तारा पुरत्या जुळलेल्या नसतात. यावर जरा थांबतो, कारण जवारीचा सर्वात मोठा उपयोग इथे आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जोडीच्या दोन तारांत समजा फक्त ०.२ हर्ट्‌झचा फरक राहिलाय. मूळ स्वरात त्याची लहर, म्हणजे आवाजाचं कमी-जास्त होणं, पाच सेकंदांत एकदा येणार. तेवढ्यात पुढची तार छेडली जाते, कुणाला कळणार ती? पण दहाव्या सहायक नादात तोच फरक दहापट होतो, सेकंदाला दोन लहरी. त्या स्पष्ट कळतात. जवारी उघडी असली की वरचे नाद जोरात असतात, आणि सुरातला जो फरक मूळ स्वरात कानाला सापडत नाही तो वर मोठा होऊन समोर येतो. म्हणजे जवारी ही सुराचं भिंग आहे. सूर बारीक जुळवायचे तारेवरचे मणी खालीवर करताना अनुभवी गवई मान तिरकी करून जे ऐकत असतो ते मूळ स्वर नसतातच, वरच्या लहरी थांबल्या का हे तो ऐकत असतो. त्या थांबल्या की गंधार स्थिर होतो. तोवर तो असतो, पण थरथरत असतो, म्हणून तुम्हाला पकडता येत नाही.

ट्यूनरच्या ॲपबद्दलही इथेच सांगतो. बहुतेक ॲप समान अंतरांच्या सप्तकावर, म्हणजे पियानो-हार्मोनियमच्या मापावर चालतात. त्यांचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा अगदी थोडा उतरलेला असतो. आपल्या काळी एकच्या तंबोऱ्यात तो १०३.८३ दाखवील, हवा असतो १०३.९४. फरक क्षुल्लक वाटतो. पण पंचमाच्या तारेचा चौथा नाद आणि खर्जाचा सहावा नाद एकाच जागी, ४१५.८ वर यायला हवेत; ॲपने लावलात तर तिथे दर दोन सेकंदांना एक लहर कायम राहते. ॲपने जवळ आणा, शेवटचं काम कानाने करा. गंधाराचं तर याहून वाईट. हार्मोनियमचा तोच गंधार ३४९.२ वर असतो आणि तंबोऱ्याचा ३४६.५ वर. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन लहरी. पेटीच्या गंधारावर गळा बसवलेल्या विद्यार्थ्याला तंबोऱ्यासमोर गंधार ‘चढतो’ तो यामुळे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शंभरेक वर्षांपूर्वी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजायचा उद्योग मांडला होता, त्यामागे हीच तळमळ होती. त्यांच्या बावीस श्रुतींच्या (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या) मांडणीवर मतभेद झाले आणि होत राहतील. पण गायकाच्या स्वराला मोजपट्टी लावून बघायची त्यांची हिंमत मला फार मोठी वाटते.

पंचमाच्या तारेतूनही हेच चालतं. तिचा तिसरा नाद रिषभ, पाचवा शुद्ध निषाद. म्हणजे पंचमाचा तंबोरा छेडला की षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, निषाद एवढे स्वर हवेत तयार असतात. यमन रागाची ‘नि रे ग’ ही सुरुवात त्यावर कशी अलगद बसते ते ऐकून बघा. नव्या विद्यार्थ्याला आधी यमन देण्याला माझ्या मते यासारखं दुसरं कारण नाही. मग उलटा प्रश्न येतो: कोमल गंधाराच्या रागांत काय? मालकंसाला पंचमाऐवजी मध्यम लावतात, पण खर्जाचा पाचवा नाद शुद्ध गंधारच राहणार; मारव्यात पंचमाची तार निषादावर नेली तरी खर्जाचा तिसरा नाद पंचमच. ते तारेतून काढून टाकता येत नाहीत. जाणते लोक अशा वेळी खर्जाचं सूत थोडं सरकवून गंधार मागे ढकलतात. शिवाय गाणाऱ्याचा स्वर त्या सहायक नादापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि दोघांमधला तो ताण त्या रागांच्या रंगाचाच भाग आहे असं मी मानतो. खर्जाच्या सातव्या नादाचं म्हणाल तर तो आपल्या कोमल निषादापेक्षाही बराच उतरलेला असतो आणि कुठल्याच रागाच्या कामाचा नाही.

तबल्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तीच गोष्ट तिथे उलट्या बाजूने घडते. ताणलेल्या साध्या कातड्याचे सहायक नाद पटीत नसतातच: दुसरा मूळ कंपाच्या १.५९ पट, तिसरा २.१४ पट. म्हणून साध्या ढोलाला स्वर सांगता येत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचे थर एकावर एक घोटून चढवले की कातड्याचं वजन मध्याकडे वाढतं आणि ते वेडेवाकडे नाद पटीत येऊन बसतात. रामनांनी १९२० मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि पुढे १९३५ मध्ये सविस्तर मांडलं. पुडीवर बारीक वाळू पसरून कुठे हालचाल आहे, कुठे नाही, याच्या आकृत्या त्यांनी घेतल्या आणि दाखवलं की पहिले नऊ कंपनप्रकार फक्त पाच स्वरांत गोळा होतात, १, २, ३, ४, ५ अशा पटीत. तबला तंबोऱ्याशी मिळवता येतो तो या शाईमुळे. ज्या कारागिरांनी हे हाताने साधलं त्यांच्यापुढे समीकरणं नव्हती, कान होता.

आता मोबाईल. फोनच्या छोट्या स्पीकरमधून साधारण दोनशे-तीनशे हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे ६९ चा खर्ज त्यातून येतच नाही. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या नादांमधलं अंतर ६९ चं आहे हे मेंदू ताडतो आणि नसलेला मूळ स्वर भरून काढतो. भासाचा प्रश्न तुम्ही गंधाराबद्दल विचारला होतात. फोनवर गंधार खरा असतो आणि खर्ज भासाचा. अडचण पुढेच आहे. बहुतेक ॲपमध्ये ध्वनिमुद्रित छेड पुन्हा पुन्हा वाजते, तीच ती. प्रत्यक्ष वाद्यात दर छेड किंचित वेगळी असते, बोटाच्या जोरानुसार जवारी उघडते, एका तारेची शक्ती घोडीतून दुसऱ्या तारेत जाते. मूळ मुद्रण एका पट्टीतलं असून तुम्ही ते दोन-तीन स्वर वर चढवलंत, तर भोपळ्याचा आणि तबलीचा रंगही त्याबरोबर वर सरकू शकतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान हे की तंबोरा लावायची वेळच येत नाही. कानाला सर्वात जास्त शिकवणारी दहा मिनिटं तीच असतात.

तरी ॲप टाकून द्या असं मी म्हणणार नाही. प्रवासात, रात्री उशिरा, परदेशात लहान घरात राहणाऱ्यांना ते मोठा आधार आहे. फोनच्या स्पीकरऐवजी बऱ्यापैकी मोठा स्पीकर जोडा, आवाज गळ्यापेक्षा कमी ठेवा आणि पट्टी न बदलता तुमच्या पट्टीतच मुद्रित झालेला तंबोरा मिळाला तर तो निवडा.

पण परवडत असेल तर वाद्य घ्याच, जुनं मिळालं तरी चालेल. घेताना नक्षी बघू नका. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून ती सरळ आहे ना ते पाहा, भोपळ्याला आणि गळ्याच्या जोडाला तडा नाही ना ते पाहा, खुंट्या फिरवल्यावर जागेवर थांबतात का ते पाहा. घोडीवर चरे असतील तर घाबरू नका, ते दुरुस्त होतात. वाकलेली दांडी सहजी होत नाही. आपल्या पट्टीला साजेशी लांबी घ्या. बाईच्या पट्टीसाठी केलेल्या लहान तंबोऱ्यावर पुरुषाचा खर्ज लावला तर तार ढिली पडते आणि जवारी कितीही काढली तरी बोलत नाही. मग विक्रेत्याला चारही तारा लावून द्यायला सांगा आणि खर्ज एकटा छेडून तो पुरता विरेपर्यंत ऐका. आवाज उघडून सावकाश खाली येत असेल आणि त्यात गंधार सापडत असेल तर वाद्य घ्या. तो सापडला नाही, पण बाकी सगळं ठीक असेल, तर किंमत ठरवताना जवारीचा खर्च त्यात धरा आणि वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा काढून घ्यावी लागेल हेही लक्षात ठेवा.